पोहे झोपलेत

आमच्या ऑफिसात फोडणीला बंदी आहे. मायक्रोवेव्हच्या दारावर आमच्या साहेबांनी, अनिलकाकांनी, स्वतःच्या हाताने लिहून चिकटवलंय, ‘फक्त पाणी आणि दूध’. खाली दोन रेघा मारल्यात, त्यातली दुसरी कागद फाटेल इतक्या जोरात.

त्यांचंही चुकत नाही. आमचं टॅक्सचं ऑफिस न्यू जर्सीत आयसेलिनला, ओक ट्री रोडवर, साड्यांच्या एका दुकानाच्या डोक्यावर आहे. वरची आणि खालची हवा एकाच डक्टमधून फिरते. मागच्या वर्षी ऐन टॅक्सच्या सीझनमध्ये, जानेवारी ते एप्रिलच्या धांदलीत, वर कुणीतरी लसणाच्या फोडणीची आमटी गरम केली, आणि खाली लग्नाची खरेदी चालली होती. नवरीच्या आत्याने नवाकोरा शालू नाकाशी नेला आणि विचारलं, “हा कोणी नेसून परत केलाय का?” दुकानदार तोच, घरमालकही तोच. पुन्हा असा वास आला तर ऑफिस दुसरीकडे बघा, असं त्याने काकांना हसत हसत सांगितलं. काका म्हणतात, तो हसला म्हणूनच मी घाबरलो.

मी तेव्हा इथे नव्हते, मी यंदाच्या जानेवारीत लागले. पुण्यात एम.कॉम. करून बँकेत होते, मग सौमित्रशी लग्न करून न्यू जर्सीला आले आणि वर्क परमिटची वाट बघत घरी बसले. परमिट आलं तोवर सिया झाली होती, आणि सिया जरा मोठी होईतो मला वाटायला लागलं होतं की बेरीज-वजाबाकीसुद्धा विसरले असेन. इथला टॅक्सचा कोर्स केला, परीक्षा दिली, आणि अनिलकाकांनी सीझनपुरतं घेतलं. अमेरिकेतली माझी पहिली नोकरी.

अडचण सियाची होती. ती चार वर्षांची. तिचं प्रीस्कूल दुपारी सुटतं आणि तिथेच संध्याकाळपर्यंत ठेवायची जी सोय असते, तिच्या वेटिंग लिस्टवर आम्ही अजून आहोत. सौमित्र जर्सी सिटीला जातो, तो येतो अंधार पडल्यावर. मी पहिल्याच दिवशी काकांना खरं काय ते सांगून टाकलं.

काकांनी चष्मा काढून पुसला. “मागच्या खोलीत बसू दे तिला. पण वल्लरी, हे टॅक्सचं ऑफिस आहे. लोकांचा सगळा संसार इथे फायलींमध्ये असतो. एक कागद जरी इकडचा तिकडे झाला ना, तर मला नाही म्हणावं लागेल. मग तुझं तू बघ. सीझन नीट गेला तर पुढचं बोलू.”

पुढचं म्हणजे कायमची नोकरी. म्हणजे माझी नोकरी सियाच्या हातात होती, आणि सियाच्या हातात बहुतेक वेळा स्केचपेन असतं.

मी मुळातच काळजी करणारी आहे. घशात अडकू नयेत म्हणून द्राक्षं मी अजून उभी चिरून देते. जिन्यावर मी कायम तिच्या एक पायरी खाली असते. त्यात हे. मागच्या खोलीत एकीकडे जुन्या फायलींची उंच कपाटं, दुसरीकडे एक छोटं टेबल, तिथे मी सियासाठी खडू, कोरे कागद आणि एक उशी ठेवली. तिला बजावलं, “छापलेल्या कागदाला हात लावायचा नाही.” ती म्हणाली, “आय नो, मम्मा.” आणि दुसऱ्याच दिवशी एका कोऱ्या फॉर्मच्या मागे मांजर काढलं. फॉर्म कोरा होता, तरी काकांनी ते मांजर बराच वेळ उभं राहून बघितलं.

दुसरी अडचण भुकेची. पाच वाजले की सियाला भूक लागते, साधीसुधी नाही, एकदम आभाळ कोसळल्यासारखी. पहिल्या आठवड्यात एक क्लायंट समोर बसलेला असताना आतून असा सूर लागला की तो माणूस म्हणाला, “मी नंतर येऊ का?” बाहेरचं रोज काय आणणार? समोसे आणले तर तेलकट बोटं, बोटांमागून कागद. घरून गरम करायचं आणावं तर दारावर ती पाटी.

मग मी विस्तवाशिवायचं जेवण शोधायला लागले. रविवारी घरी सगळं कोरडं करून ठेवायचं आणि ऑफिसात फक्त कालवायचं. सातूचं पीठ, त्यात गूळ आणि दूध, चमच्याने फिरवलं की झालं. लाह्यांचं पीठ ताकात. सकाळची पोळी कुस्करून त्यात गूळ-तूप, मूठ वळली की लाडू. घरून नुसता भात आणला तर त्यावर मेतकूट, तूप, मीठ, आणि थर्मासमधलं थोडं गरम पाणी. भाजलेल्या रव्याचं मिश्रण डब्यात तयार असायचं, वर कढत पाणी ओतून झाकलं की पाच मिनिटांत सांजा फुगायचा. त्याची फोडणी मी घरच्या घरी, एक्झॉस्ट लावून, खिडकी उघडून उरकलेली असायची.

हे सगळं सियासाठी होतं. पण माझ्या शेजारच्या टेबलावर नीना बसते. नीना नागपूरची, काकांकडे चौथा सीझन करते, आणि तिचं दुपारचं जेवण म्हणजे ड्रॉवरमधले चिप्स.

“हे काय कालवून राहिली?” तिने पहिल्या दिवशी मान लांब करून विचारलं.

“मेतकूट-भात.”

“आजारी आहे का कोणी?”

“नाही गं. खाऊन बघ.”

तिने एक घास खाल्ला, दुसरा घेतला, मग म्हणाली, “बाप्पा! मी इतकी वर्षं आजारी पडायची वाट कायले बघत होती?” दुसऱ्या दिवसापासून ती स्वतःचा वाडगा घेऊन यायला लागली. मी डबा मोठा केला.

राहिले काका. शोभाकाकू फेब्रुवारीपासून पुण्याला होत्या, लेकीच्या बाळंतपणाला. काका दिवसभर चहा आणि खारी यांवर. मी वाटी पुढे केली की ते हात आडवा करायचे. “ऑफिसात मी जेवत नाही. जेवलं की आकडे डोळ्यांपुढे डुलायला लागतात.” पण माझी नजर कुठेही जाते. मार्चमध्ये त्यांच्या पट्ट्याला एक भोक वाढलं. ते खिळ्याने पाडलेलं असावं, कारण बाकीच्या भोकांच्या रांगेत नव्हतं. काकू दर शुक्रवारी मला फोन करायच्या. “खातात का गं काही?” मी म्हणायचे, “चहा घेतात.” काकू सुस्कारा सोडायच्या. “हट्टी आहेत. गुहागरचे ना.”

एप्रिल उजाडला. ज्यांनी टॅक्सचं ऑफिस पाहिलेलं नाही त्यांनी लग्नघर डोळ्यांपुढे आणावं, फक्त कोणीच आनंदात नाही. पंधरा तारखेच्या आत सगळ्यांचं भरायचं. फोन थांबत नाही, प्रिंटर थांबतो. लोक बूट-बॉक्समध्ये पावत्या भरून आणतात आणि वर विचारतात, “दोन दिवसांत होईल ना?”

त्या दिवशी, म्हणजे शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी, मी दडपे पोहे करायचे ठरवले होते. घाईतल्या माणसासाठी याहून भला पदार्थ नाही. पातळ पोहे, कांदा, काकडी, कोथिंबीर, फ्रोजन खोबरं रात्रीच बाहेर काढून मऊ केलेलं, नारळाचं पाणी, लिंबू, मीठ, किंचित साखर. फोडणी मी घरून जॅमच्या छोट्या बरणीत आणली होती, गार. मिरच्या आणि दाणे वेगळ्या डबीत, सियाच्या घशाची मला भीती वाटते. सगळं हाताने कालवायचं, वर ताटली उपडी घालायची, ताटलीवर वजन ठेवायचं आणि विसरून जायचं. आपण आपलं काम करतो, पोहे त्यांचं.

आमच्या खोलीत वजनाला तोटा नव्हता. कपाटाच्या तळाशी टॅक्सच्या कायद्याचं एक जुनं पुस्तक होतं, जाडजूड, उशीसारखं. हल्ली सगळं कॉम्प्युटरवर बघतात, त्याला कोणी हात लावत नव्हतं. मी पातेलं सियाच्या हाताला लागू नये म्हणून उंच कपाटावर ठेवलं. शिगोशीग भरलं होतं, ताटली काठाच्या वर आली होती. तिच्यावर स्वच्छ पंचा पसरला आणि पंचावर ते पुस्तक ठेवलं.

“मम्मा, व्हॉट आर दे डूइंग?” सियाने विचारलं.

“झोपलेत. अंगावर पांघरूण घातलंय. उठवायचं नाही हं.”

“आय विल गार्ड देम,” ती म्हणाली आणि कपाटापुढे उशी टाकून, बोट ओठांवर ठेवून बसली. मी निश्चिंत होऊन पुढच्या खोलीत गेले. माझं निश्चिंत होणं फार टिकत नाही, तरी गेले.

दुपारभर मी आणि नीना फोनवर होतो. काका आत-बाहेर करत होते. एकदा मी सियाला पाणी द्यायला गेले तर ती कुजबुजली, “मम्मा, दे वोक अप. बट काका पुट देम बॅक टु स्लीप.”

“हो का? गुणी मुलगी,” मी म्हणाले, कारण कानाला फोन होता आणि पलीकडचे गृहस्थ घटस्फोटाबद्दल बोलत होते.

पाचला देवांगभाई यायचे होते. देवांगभाई काकांचे सगळ्यात जुने क्लायंट. इथेच रस्त्यावर त्यांचं भांड्यांचं दुकान आहे, एडिसनला दुसरं. येऊन सही करायची, सगळे मूळ कागद परत न्यायचे, एवढंच काम. त्यांची फाईल केशरी रंगाची, पोट फुगलेली, रबराच्या पट्ट्याने बांधलेली. ती सकाळपासून काकांच्या टेबलावर होती, मी स्वतः बघितली होती.

साडेचारला काकांचा आवाज आला. “देवांगभाईंची फाईल कुठंय?”

नीनाने स्वतःचं टेबल बघितलं. मी माझं. प्रिंटरखाली, खुर्चीखाली, रद्दीत. काका त्यांच्या टेबलावरच्या वस्तू एकेक उचलून परत ठेवत होते, केशरी फाईल पेनाखाली लपल्यासारखी.

“गाडीत राहिली असेल का, काका?” मी विचारलं.

“गाडीत? मी दुपारी हातात घेऊन फिरत होतो ती!” मग ते थांबले. त्यांची नजर मागच्या खोलीच्या दाराकडे गेली. तिथून सियाचं गुणगुणणं ऐकू येत होतं.

ती नजर कुठे जाणार हे मला ती जायच्या आधी कळलं होतं.

“वल्लरी,” काका हळू म्हणाले, आणि ते हळू म्हणाले हेच वाईट होतं, “तिने रंगवायला नेली असेल का?”

“नाही काका. ती छापलेल्याला हात लावत नाही.”

“ते मांजर...”

“तो कोरा फॉर्म होता!” माझा आवाज चढला. नीनाने माझ्याकडे बघितलं. मी तो गिळला.

आम्ही तिघं मागच्या खोलीत गेलो. सिया उशीवर मांडी घालून बसली होती. मी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले. “सिया, ऑरेंज फाईल बघितलीस? मोठी? रबर लावलेली?”

“आय डिडन्ट टेक इट,” ती म्हणाली. इतक्या लगेच म्हणाली की माझ्याच मनात पाल चुकचुकली. मुलं इतकी लगेच केव्हा म्हणतात?

“तुला कोणी रागावणार नाही हं बेटा,” काका म्हणाले. त्यांचा चेहरा मात्र रागावणाराच होता. “कुठे ठेवलीस तेवढं दाखव.”

सियाचा ओठ बाहेर आला. “आय वॉज गार्डिंग!” आणि भोकाड. पाच वाजायच्या आधीचं, भुकेचं आणि अपमानाचं मिळून एक.

मी तिला उचललं. काका उशी उलटीपालटी करून बघत होते. मला दिसत होतं, उद्या शेवटचा दिवस, परवा काका मला शांतपणे खुर्चीवर बसवणार आणि म्हणणार, बघ वल्लरी, तू काम चांगलं करतेस, पण. त्या ‘पण’च्या पुढचं मला पाठ होतं. सौमित्र म्हणेल जाऊ दे, पुढच्या वर्षी बघू. आणि मी पुन्हा घरी बसून द्राक्षं चिरेन.

“काका,” नीना म्हणाली, “दहा मिनिटांनी देवांगभाई येऊन राहिले. पोरगी भुकेने रडून राहिली. मी सकाळपासून उपाशी आहे. मला आधी खाऊ द्या, मग शोधते. मरायचंच तर पोटभर खाऊन मरू.” आणि तिने कपाटावरच्या पातेल्याकडे हात नेला. मग हात तसाच ठेवून म्हणाली, “वल्लरी. इकडे ये.”

पातेल्यावर पंचा होता, पंचावर केशरी फाईल होती. अगदी मधोमध, चारही कोपरे सारखे. आणि ती कमी पडेल म्हणून की काय, फाईलवर कपाटावरचंच टेप लावायचं लोखंडी यंत्र ठेवलेलं होतं.

काका अजून उशीत डोकं घालून होते, त्यांनी पाहिलं नव्हतं.

पहिला विचार माझ्या मनात आला तो सियाचाच, हे मला कबूल करायला लाज वाटते. खुर्चीवर चढली असेल? पण खुर्चीवर फायलींचे खोके रचलेले होते, सकाळपासून तसेच. आणि चार वर्षांची मुलगी वजन असं मधोमध ठेवत नाही. असं वजन ठेवतो तो ज्याने आयुष्यभर ठेवलंय असा माणूस. मग माझ्या लक्षात आलं, पुस्तक कुठंय? मी ठेवलेलं ते जाड पुस्तक?

सियाला कडेवर घेऊन मी पुढच्या खोलीत गेले. काकांच्या टेबलावर, कॉम्प्युटरच्या मागे, पुस्तक उघडं पडलं होतं. देवांगभाईंचं कुठल्यातरी जुन्या वर्षाचं लफडं होतं, त्यासाठी काढलेलं असणार. उघड्या पानावर, नियमांच्या बारीक ओळींवर, खोबऱ्याचा एक पांढरा कीस होता.

दे वोक अप. बट काका पुट देम बॅक टु स्लीप.

मी सियाच्या केसांवर ओठ टेकले आणि तिथेच थोडं हसून घेतलं. माझ्या मुलीने दुपारीच सगळा जबाब दिला होता आणि मी तिला नुसतं गुणी म्हणाले होते.

पण आता? बाकी कोणी असतं तर सांगितलं असतं. हे काका. चौघांत तोंडावर सांगायचं, की काका, तुम्ही चोरून पोहे खाल्लेत? नीना दारात उभी होती, फाईल हातात, भुवया वर. मी तिला बोटाने पुस्तक दाखवलं. तिने कीस बघितला आणि तोंडावर हात दाबून भिंतीकडे वळली.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. “अनिलभाई! आ गया मैं!” देवांगभाई.

काका धावत बाहेर आले. नीनाने फाईल टेबलावर ठेवली. “सापडली,” एवढंच म्हणाली.

“कुठे? कुठे होती?”

नीना प्रिंटरकडे बघायला लागली. मीही. काकांनी आमच्याकडे आलटून पालटून बघितलं, मग सियाकडे. माझ्या कडेवरून सियाने फाईलकडे बोट दाखवलं आणि रडका आवाज गिळून म्हणाली, “दॅट वॉज ऑन द पोहे. यू पुट इट.”

काका फाईलकडे बघत राहिले. मग स्वतःच्या उजव्या हाताकडे, जणू तो कुणा दुसऱ्याचा होता. मग उघड्या पुस्तकाकडे. खोबऱ्याचा कीस त्यांनी बोटाने टिपला.

देवांगभाई मात्र खुर्ची ओढून बसले होते. त्यांनी फाईल उचलून पोटाशी घेतली, रबर काढलं आणि नाक वर केलं. “अनिलभाई, ये क्या है? मेरे टैक्स में से नारियल की खुशबू आती है!”

कागद ओले असतील का? काकांनी पहिला कागद काढला, दुसरा, तिसरा. कोरडे. ताटलीने आणि पंचाने राखलं होतं. फक्त फाईलच्या पुठ्ठ्याला जरासा दमट वास होता.

काकांना खोटं बोलता आलं असतं. खालच्या दुकानावर ढकलता आलं असतं, किंवा एका लहान मुलीवर, चेहऱ्यावर हसू आणून, मुलं काय हो, असं म्हणत. आम्ही काहीच बोललो नसतो, आणि त्यांना ते ठाऊक होतं. मी सियाला घट्ट धरून त्यांच्याकडे बघत होते.

त्यांनी चष्मा काढला, पुसला. “देवांगभाई,” ते म्हणाले, “आपकी फाइल मैंने पोहे के ऊपर रखी थी.”

“पोहे के ऊपर?”

“वजन रखना पड़ता है।” मग ते मराठीवर आले, बहुधा लाजेने. “मी पुस्तक घ्यायला गेलो होतो. फाईल हातात. पुस्तक उचललं तर खाली दडपे पोहे. वास आला. किती वर्षांनी... शोभा घरी नाही. एक घास घेतला. मग दुसरा. आणि आम्हाला लहानपणची सवय, घास मारला की वजन परत जसंच्या तसं ठेवायचं, नाहीतर आई ओळखायची. हाताने आपलं जे हातात होतं ते ठेवलं. मला आठवतसुद्धा नाही ठेवलेलं.”

देवांगभाईंना त्यातलं निम्मं कळलं असेल, पण तेवढं पुरलं. ते इतके हसले की खुर्ची भिंतीला आपटली. “तीस साल से आपको टैक्स देता हूँ, अनिलभाई, आपने मुझे खारी के सिवा कुछ नहीं खिलाया. और मेरी फाइल को पोहे खिलाते हो! लाओ, मैं भी खाऊँगा.”

नीना पातेलं घेऊन आलीच होती. मी वरून फोडणी ओतली, पोह्याचा पापड कुस्करला. पाट्या, कागद, प्रिंटर, कशाकडेही कोणी बघत नव्हतं. वाडगे तीनच होते, म्हणून देवांगभाईंनी चहाच्या कपात खाल्ले आणि दुकानातून उद्या चांगले वाडगे पाठवतो म्हणून सांगितलं. “स्टील के. काँच के नहीं, इधर बच्ची है.” मला तो माणूस एकदम आवडला.

काका वाटी घेऊन सियापुढे वाकले. उभ्या माणसाला चार वर्षांच्या मुलीशी बोलता येत नाही, हे त्यांना बरोबर माहीत होतं. “सिया, मी तुझ्यावर उगाच आळ घेतला. सॉरी.”

सिया घास चावत होती. ती घास संपवूनच बोलते, मी शिकवलंय. “यू शुडन्ट वेक देम अप,” ती शेवटी म्हणाली.

“नाही उठवणार.”

“यू कॅन आस्क मी. आय ॲम द गार्ड.”

“यस, मॅडम,” काका म्हणाले आणि दुसरी वाटी घेतली. नंतर त्यांचे आकडे डुलले की नाही, ठाऊक नाही, पण देवांगभाईंचं रिटर्न त्यांनी त्याच बैठकीत भरून टाकलं.

शुक्रवारची वाट न बघता काकूंचा फोन त्याच संध्याकाळी आला, नीनाने त्यांना मेसेज केला असणार. मी स्पीकर लावला. पुण्यात मध्यरात्र उलटून गेली होती, तरी काकू पलीकडून हसत होत्या आणि त्यांना जागं ठेवणारं तान्हं बाळ मागे रडत होतं. “अगं, लग्न झालं तेव्हा सासूबाईंनी मला पहिली गोष्ट हीच सांगितली. पोहे दडपलेस तर वजन काय आहे ते बघून ठेव, नंतर बदललेलं असतं. एकदा देव्हाऱ्यातली घंटा सापडली होती!”

“शोभा, पुरे,” काका म्हणाले. पण फोन त्यांनी बंद केला नाही.

दुसऱ्या दिवशी, शेवटच्या तारखेला, मी सकाळी पोचले तर काका आधीच आलेले होते. मागच्या खोलीत कपाटावर एक काळा वरवंटा होता. गुहागरचा. काकूंनी विमानातून आणलेला, पाटा मात्र तिकडेच राहिला, म्हणून इतकी वर्षं गॅरेजमध्ये दाराला टेकू होता. काकांनी तो घासूनपुसून आणला होता.

“हे वजन,” ते मला म्हणाले. “यापुढे पुस्तक नाही. आणि फाईल तर नाहीच नाही.”

“बरं, काका.”

“आज काय आहे?”

“सांजा. पाणी ओतलं की होतो. तुम्हाला ठेवू?”

त्यांनी हात आडवा केला नाही. त्याऐवजी माझ्या टेबलाच्या कडेशी उभे राहून, कॅलेंडरचं पान उलटायला लागले, एप्रिल, मे, पुढे. “उद्यापासून एक्स्टेन्शनवाले येतील. मुदत वाढवून घेतलेले. त्यांचं ऑक्टोबरपर्यंत चालतं. ते सगळे आळशी आणि बडबडे असतात, नीनाला झेपत नाहीत.” पान ऑक्टोबरवर थांबलं. “तोपर्यंत सिया मोठ्या शाळेत गेली असेल?”

“हो, प्री-के. पण तीही दुपारीच सुटते, काका.” मला सांगायलाच हवं होतं. मी काही लपवून ठेवू शकत नाही.

“मग? इथेच येईल,” ते म्हणाले. “ते टेबल लहान पडेल तिला. बघतो मी.” आणि ते आत गेले, फोन वाजत होता म्हणून, किंवा पुढचं बोलणं झालं होतं म्हणून.

नीनाने माझ्याकडे बघून खुर्चीतल्या खुर्चीत एक गिरकी घेतली. मी मात्र उठून मागच्या खोलीत गेले आणि वरवंटा कपाटाच्या काठापासून चांगला आत सरकवला. इतक्या उंचीवरून पडला तर केवढ्याला पडेल.